तुम्ही विचारलंत म्हणून: इतके चेहरे लक्षात कसे राहतात?

दुसऱ्या महायुद्धावरची ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही मालिका बघाच, असं मी ज्यांना ज्यांना सांगते, त्यांच्याकडून आठवडाभरात एक प्रश्न हमखास येतो. “सगळे सारखेच दिसतात हो! तीच हेल्मेटं, तेच मळलेले चेहरे. कोण मेलं तेही कळत नाही. तुमच्या कसे लक्षात राहतात?”

पहिल्या वेळी राहिले नव्हते. दोन भाग झाले तरी मला विंटर्स आणि सोबेल हे दोघे अधिकारीच ओळखू येत होते. मालिका 2001 सालची, दहा भागांची. अमेरिकेच्या 101व्या एअरबोर्न डिव्हिजनमधली, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांची, ‘ईझी कंपनी’ जॉर्जियातल्या टोकोआच्या छावणीपासून फ्रान्समधलं नॉर्मंडी, हॉलंड, बेल्जियममधलं बास्टोन करत ऑस्ट्रियापर्यंत जाते. माणसं खरी, नावं खरी. आणि ती साकारणारे बहुतेक नट तेव्हा फारसे कोणाला माहीत नव्हते. घराघरात ठाऊक असलेला चेहरा डेव्हिड श्विमरचा, आणि त्याच्याकडे दिला कंपनीला नकोसा झालेला कॅप्टन सोबेल. डेमियन लुईस हा इंग्रज नट विंटर्स झाला.

मला ही निवड फार मोलाची वाटते. ओळखीचा नट असला की हा शेवटपर्यंत टिकणार, असं आपण मनात धरून बसतो. इथे तो आधारच नाही. आज जेम्स मॅकअवॉय दिसला की आपण सावरून बसतो, पण तो चौथ्या भागात नवा भरती म्हणून येतो आणि त्याच भागात मारला जातो.

चित्रीकरणाआधी डेल डाय या व्हिएतनाममध्ये लढलेल्या निवृत्त मरीन कॅप्टनने नटांकडून दहा दिवस कसून कवायत करून घेतली. (मालिकेत या सैनिकांचा वरिष्ठ असलेल्या कर्नल सिंकची भूमिकाही त्याचीच.) त्या मुलांचं एकमेकांशी वागणं पाहा. सिगारेट न बोलता पुढे होते, खांद्यावर हात पडतो. मला माणसं आधी अशीच कळली, चालण्यावरून, आवाजावरून. नावं मागाहून आली.

सहावा भाग शेन टेलरने साकारलेल्या यूजीन रोचा, म्हणजे जखमींवर उपचार करणाऱ्या मेडिकचा. बास्टोनच्या जंगलात मॉर्फिन संपत आलंय आणि रो एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात साधी कात्री मागत फिरतो. बाकीचे सगळे ज्या सैनिकाला ‘बेब’ म्हणतात, त्याला रो हेफ्रन या आडनावानेच हाक मारतो. ज्याला उद्या रक्तबंबाळ उचलायचंय, त्याच्या फार जवळ जायला तो धजावत नसावा, असं मला वाटतं. आणि मग एकदा त्याच्या तोंडून ‘बेब’ निघून जातं. टेलर तिथे काहीही दाखवायला जात नाही, म्हणूनच ते काळजात रुततं.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते. मालिका सांगते की कंपनीतला सैनिक आल्बर्ट ब्लाइद जखमेतून सावरला नाही आणि 1948मध्ये वारला. खरं तर तो पुढेही सैन्यात राहिला आणि 1967मध्ये गेला. खऱ्या माणसाचं नाव घेतलं की त्याचं उरलेलं आयुष्यही नीट सांगायला हवं होतं.

तेव्हा नावांची यादी करत बसू नका. भागांच्या सुरुवातीला जे म्हातारे सैनिक बोलतात, त्यांची नावंही शेवटच्या भागापर्यंत पडद्यावर येत नाहीत. एकदा सगळी मालिका पाहा आणि मग पुन्हा पहिला भाग लावा. टोकोआत कंपनीला ‘करही’ नावाचा डोंगर पळत चढावा लागायचा, तीन मैल वर आणि तीन मैल खाली. जो टॉय आणि बिल ग्वार्नियर त्याच कंपनीतले. 3 जानेवारी 1945ला, बास्टोनजवळच्या तोफमाऱ्यात, दोघांचाही उजवा पाय गेला. आता ती चढण आली की मी बाकी कोणाकडे पाहतच नाही.