दोन फुटांच्या काचेत टांगानिका

आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये दोन फुटांपेक्षा मोठ्या माशांच्या टाकीला जागाच नाही. सिक्लिड या माशांच्या मोठ्या कुळाचं नाव घेतलं की चार फुटी टाकीचीच गोष्ट निघते, म्हणून कित्येक वर्षं मी त्या वाटेला गेलो नव्हतो. मग 'मल्टी' कळले. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचा मासा. नर जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा, मादी त्याहूनही लहान. सरोवराच्या तळाशी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थर साचलेले असतात, त्यांतच यांची वस्ती. एवढ्या माशाला दोन फूट पुरतात.

शंखांची सोय पेणच्या मामांनी केली. भातखाचरातल्या गोगलगायींचे वाळलेले शंख त्यांनी पिशवी भरून दिले. ते दोनदा उकळले, आतली माती धुऊन काढली आणि दोन इंच बारीक वाळूवर वीस शंख मांडले. आधी जाड प्रवाळाचा चुरा घालणार होतो, पण हे मासे तोंडाने उकरतात, त्यांना बारीक वाळूच लागते. चुरा एका जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरशेजारी ठेवला. आमचं नळाचं पाणी हलकं, टांगानिकाचं क्षारांनी जड आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, साधारण नऊच्या आसपास. चुरा हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चूक घाईत झाली. टाकी लावून दहाच दिवस झाले होते, दुकानदार म्हणाला, "पाणी स्वच्छ आहे ना, मग टाका." पीएच लवकर वर यावा म्हणून मी खायचा सोडाही घातला आणि सहा मासे सोडले. पाचव्या दिवशी सकाळी दोन वाळूवर आडवे होते, संध्याकाळी तिसरा गेला.

कारण नंतर समजलं, आणि आफ्रिकन सिक्लिड पाळणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. पीएच सातच्या आसपास असला तर त्यातला बहुतेक भाग अमोनियम या कमी घातक रूपात राहतो. पीएच आठच्या वर गेला की तोच अमोनिया अनेक पटींनी विषारी होतो. शिवाय तो पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये अजून रुजलेलेच नसतात. पाणी काचेसारखं दिसत होतं, पण ते पाणी मारणारं होतं. ते तीन मासे माझ्यामुळे गेले, हे अजूनही लागतं.

उरलेले तीन एका मित्राच्या जुन्या टाकीत ठेवले. ते जिवाणू रुजावेत म्हणून रिकाम्या टाकीत मी रोज चिमूटभर खाद्य कुजायला टाकत राहिलो आणि टेस्ट किटचे थेंब बघत राहिलो. आधी अमोनिया चढला, मग जिवाणू त्याचं जे करतात ते नायट्राइट. दोन्ही शून्यावर यायला सहा आठवडे लागले. तेव्हा कुठे मासे परत आणले, जोडीला आणखी चार घेतले. घेताना डोक्याकडे नीट पाहिलं: सिमिलिस जातीत पट्टे पार डोळ्यापर्यंत येतात, मल्टीत ते कल्ल्यांच्या मागेच थांबतात. दिसायला दोन्ही सारखेच, एकत्र ठेवले तर संकर होण्याची भीती.

पहिल्याच रात्री खोदकाम सुरू झालं. मादी तोंडात वाळू घ्यायची, शंखापासून वीतभर लांब जाऊन थुंकायची, परत यायची. दोन दिवसांत शंख तोंडापर्यंत वाळूत रुतले. माझी मांडणी पार मोडली आणि त्यांची उभी राहिली. आई सुरुवातीला म्हणायची, "अरे, शंखातच बसणार असतील तर बघायचं काय?" आता दुपारचा चहा ती टाकीसमोर घेते.

तिसऱ्या महिन्यात तिनेच हाक मारली. "इकडे ये, इथे काहीतरी हलतंय." शंखाच्या तोंडाशी तांदळाच्या दाण्याएवढी चार पिल्लं होती. मादी अर्धी बाहेर, शेपटी आत. मी काचेजवळ तोंड नेलं तशी पिल्लं दिसेनाशी झाली, मादी मात्र तिथेच राहिली, पंख फुलवून माझ्याकडे बघत.

पिल्लांच्या खाण्यासाठी आर्टेमिया या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची अंडी तेव्हापासून घरातच उबवतो. आधीची पिल्लं हाकलली जात नाहीत, कळपातच वाढतात, त्यामुळे तीन मापांचे मासे एका वेळी दिसतात. दर शनिवारी पाव टाकी पाणी बदलतो, सायफनच्या तोंडाला आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा बांधून, कारण पिल्लू पाइपात ओढलं जायला क्षणही लागत नाही.