खताच्या पोत्याखालची खुर्ची

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर, मी घाटंजी तालुक्यातील एका गावी गृहभेटीला गेले. ज्यांच्यासाठी गेले ते भाऊ मार्चमध्ये चिंचा झोडपताना झाडावरून पडले होते. छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला पूर्ण इजा झाल्याने बेंबीखाली त्यांना संवेदना नव्हती आणि पाय हलत नव्हते. हात मात्र नांगर धरलेले, भक्कम होते. रुग्णालयातून सुटी होताना त्यांची फिजिओथेरपिस्ट म्हणून मी फाइलमध्ये उद्दिष्टे लिहिली होती: खाटेवरून खुर्चीत स्वतः सरकणे, दिवसातून चार तास बसणे, कॅलिपर (पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या) लावून उभे राहणे. प्रत्येक वाक्याला त्यांनी मान हलवली आणि मी तिला संमती समजले.

घरात चाकाची खुर्ची कोपऱ्यात उभी होती आणि तिच्यावर डीएपीचे पोते ठेवलेले होते. भाऊ झोळ पडलेल्या नवारीच्या खाटेवर उताणे होते. कुशीवर वळवून पाहिले, तेव्हा माकडहाडावर आठ आण्याच्या नाण्याएवढा काळपट डाग दिसला. सावळ्या कातडीवर लाली उमटून दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपावे लागते. जागा गरम आणि कडक लागली, आणि दाबूनही रंग फिका झाला नाही. आणखी आठ दिवसांनी गेले असते, तर बहुधा जखमच पाहावी लागली असती. पाण्याबद्दल विचारले, तेव्हा वहिनी म्हणाल्या की ते पाणीच कमी पितात. नळीने लघवी काढायला वहिनींना दर चार-सहा तासांनी शेतातून घरी यावे लागू नये म्हणून! वास्तविक ते स्वतः नळी घालायला शिकले होते, पण आरसा धरून बसण्याजोगी जागाच त्या खाटेवर नव्हती.

मी फाइल मिटली आणि त्यांना काय हवे आहे, हे पहिल्यांदा विचारले. बराच वेळ ते आढ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "मॅडम, तुमी म्हनलं तं म्या हो म्हनलं. मले पोळ्याले तोरणाखाली जाऊन बैलाच्या तोंडात माह्या हातानं पुरणपोळी द्याची हाय."

खरे सांगायचे तर माझे चार तास बसण्याचे उद्दिष्ट त्या एका वाक्यापुढे कागदी ठरले, कारण आता प्रत्येक गोष्टीला कारण मिळाले. डाग जाईपर्यंत बसणे बंद, पालथे झोपणे आणि रात्री दर दोन तासांनी कूस बदलणे ठरले. खाटेवर फळी आणि फोमची गादी आली. ओटा दहा इंच उंच होता, म्हणून एक फुटाला बारा फूट या हिशेबाने पुतण्याने दहा फूट लांबीचा मुरमाचा उतार घातला. डाग गेल्यावर एका वेळी अर्धा तास बसण्यापासून सुरुवात केली. खुर्चीतून उतरल्यावर आरशात पाहायचे, कातडीवरची दाबाची खूण अर्ध्या तासात गेली तरच पुढच्या वेळी पंधरा मिनिटे वाढवायची. हातांवर क्षणभर अंग उचलून धरल्याने कातडीत रक्त पुरेसे परतत नाही, म्हणून वीस-एक मिनिटांनी पुढे मांड्यांवर ओणवून दोन मिनिटे थांबायचे, हेही त्यांनी पाठ केले. पाणी वाढले, नळी त्यांच्याच हाती आली.

पोळ्याच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. पावसाने काळी माती भिजून खुर्चीची पुढची लहान चाके रुतली होती. पुतण्याने खुर्ची मागे कलवून, उलटी ओढत तोरणापर्यंत नेली. पुरणपोळी दोन्ही बैलांना मिळाली होती. मात्र फोन त्यासाठी नव्हता. डाव्या बैठकीच्या हाडावर खूण होती आणि पाऊण तास होऊनही ती गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मुलाचा लाकडी नंदी सजून दारात उभा होता. उद्या बसू का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हटले.

"मंग पालथाच राहतो," ते म्हणाले, "नंदीच इकडं आनाले सांगतो पोराले."