तुम्ही विचारलंत म्हणून: बालवाडीच्या बाईंना टॅब कशाला?

"तीन वर्षांच्या मुलांना स्क्रीन कशाला? आणि त्यांच्या बाईंना तुम्ही ते शिकवता तरी का?" पालक विचारतात, नातेवाईक विचारतात, परवा लोकलमध्ये शेजारच्या बाईंनीही विचारलं.

बालवाडीच्या बाई होऊ पाहणाऱ्या मुलींना मी वर्गात तंत्रज्ञान कसं वापरायचं ते शिकवते, पण मुलांना स्क्रीन द्या असं शिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस पहिल्याच तासाला सांगते: तीन-चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन बघायची ती दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं चांगलं. तो तास बहुतेकांचा घरीच संपतो.

शिवडीच्या एका बालवाडीत माझ्या विद्यार्थिनीचा सराव पाठ होता, 'आजूबाजूचे आवाज'. भिंतीवर नवाकोरा टीव्ही. तिने तो लावलाच नाही. फोनवर आवाज टिपून आणले होते: कोळणीची हाक, कुकरची शिट्टी, स्टेशनातली लोकल. फोन ओढणीखाली झाकला आणि आवाज ऐकवले. लोकल वाजली तशी दोन मुलं भांडायलाच लागली. एक म्हणे फास्ट आहे, थांबलीच नाही. दुसरी म्हणे, "थांबली! ऐक ना, माणसं उतरली." एरवी एकेका शब्दात उत्तरं देणारी मुलं कारणं देत होती. मी मागे बसून लिहून घेत होते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा मारला: 'तंत्रज्ञानाचा वापर नाही.' टीव्ही बंद होता ना! मी भांडले, गुण बदलले नाहीत. जिन्यात ती रडत होती. "मॅडम, टीव्ही लावायला हवा होता का?" मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणेन.

एके काळी मीच म्हणायचे, बालवाडीत बटणच नको. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी डहाणूजवळच्या कोसबाडला आसपासच्या साध्या वस्तूंवर मुलं शिकवली, आपलं काय अडतं? आता मी म्हणते, फोन माझ्या विद्यार्थिनींच्या हातात आहेच. मुलाचं बोलणं टिपलं तर महिन्याने वाक्य कुठे लांबलं ते ऐकता येतं. पण ती जुनी मी गप्प बसत नाही: तो आवाज पालकांच्या ग्रुपवर गेला तर? आम्ही लेखी परवानगी घेतो, काम झालं की पुसतो. प्रवेशाच्या जाहिरातीला संस्था तेच रेकॉर्डिंग मागते, तेव्हा नोकरीला नवी लागलेली मुलगी नाही कशी म्हणणार?

ती विद्यार्थिनी आता नोकरीला आहे. पाहुणे आले की टीव्ही लावते, म्हणाली. लावू नकोस, असं सांगायला माझी जीभ रेटली नाही.