तुम्ही विचारलंत म्हणून: रानात ओझं उतरतं का?

महिन्यातून एक-दोनदा मी एकटाच रानात जाऊन बसतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "सगळं सोडून जाता, मग मन शांत होतं का हो?"

आधी कबुली देतो. मी काहीच सोडून जात नाही. भावाशी धरलेला अबोला, थकलेले हप्ते, उद्याची कामं, सगळं माझ्याबरोबर येतं. पहिला तासभर तर डोक्यात घरापेक्षा जास्त कलकलाट असतो. रेंज नाही हे माहीत असूनही मी चारदा मोबाइल काढून बघतो. बरेच जण इथेच "आपल्याला नाही बुवा जमत" म्हणून उठतात.

मागच्या खेपेला तिन्हीसांजेला दोन झुडपांमध्ये एक कोळी जाळं विणत होता. मधून बाहेर जाणारे धागे ताणून झाले होते. त्यांवर त्याने आतून बाहेर एक विरळ, न चिकटणारं वेटोळं घातलं. ही नुसती परांची. मग कडेकडून आत येत चिकट धागा घालायला लागला, आणि येता येता परांची तोडत गेला. मागच्या पायाने धागा ओढायचा, टेकवायचा, पुढे सरकायचं. यांच्यातले बरेचसे जुनं जाळं चक्क खाऊन टाकतात आणि त्याच ऐवजातून नवं विणतात. पाऊण तास गेला. त्यात भाऊ एकदाही आठवला नव्हता, हे उठताना लक्षात आलं.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याचं म्हणणं असं, की नेटाने एकवटलेलं लक्ष थकतं. पानं, पाणी, ढग यांच्याकडे ते आपसूक जातं, आणि तेवढ्यात त्याला विसावा मिळतो. मला हे पटतं. "सोडून दे, विसर" असं मनाला बजावत बसणं हेही नेटाचंच काम की!

रानापर्यंत जायला वेळ नाही म्हणता? रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. नुसती खिडकी होती ती.

हप्ते अजून थकलेलेच आहेत. परतताना रेंज आली, तसे त्यांचे संदेश धडाधड येऊन पडले. भावाला फोन केलेला नाही. नंबर मात्र दोनदा काढून पाहिला.