ब्लास्टिंगला किती गोण्या लागतील?

"कितला माल लागी?" ब्लास्टिंगच्या, म्हणजे दाबाच्या हवेने खरखरीत दाणे मारून लोखंडावरचा गंज आणि जुना रंग काढायच्या कामाची चौकशी आली की पहिला प्रश्न हाच. माल म्हणजे ते दाणे. उत्तरही ठरलेलं असतं: कॉपर स्लॅग (तांब्याच्या भट्टीतली मळी) असेल तर चौरस मीटरला चाळीस किलो, गार्नेट (कठीण खनिजाचे दाणे) असेल तर वीस. हे आकडे चुकीचे नाहीत. पण ते एका ठरावीक परिस्थितीतले आहेत. नवी प्लेट, सपाट पृष्ठभाग, पुरेसा दाब, धड नोझल (माल फेकणारी तोटी) आणि अनुभवी हात असा सगळा योग जुळला तर ते खरे ठरतात. तापीवरच्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाज्यांपैकी एखाद्यासारखा जुना दरवाजा, प्रकाशा-सारंगखेडा बॅरेजचं लोखंड किंवा एमआयडीसीतली गंजून खड्डे पडलेली टाकी समोर आली की हेच आकडे अंगावर येतात.

मुळात चौरस मीटरला किती किलो हा आकडा आधी माहीत असायची गोष्टच नाही, तो भागाकारातून निघतो. नोझल तासाला किती किलो माल फेकतं, त्याला तासाला किती चौरस मीटर साफ होतं याने भागायचं. पहिला आकडा नोझल आणि दाबावर ठरतो, दुसरा लोखंडाच्या अवस्थेवर. दोन्ही वेगवेगळे मोजले की अंदाज चुकला तरी का चुकला ते कळतं.

नोझलचा नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग. सहा नंबर म्हणजे तीन सूत, साडेनऊ मिमी. १०० पीएसआयला (साधारण ७ किलो दाब) चार नंबर तासाला सुमारे २२५ किलो फेकतं आणि ८१ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खातं. पाच नंबरला ३७० किलो आणि १३७ सीएफएम, सहा नंबरला ५२० किलो आणि १९६ सीएफएम. आठ नंबर मात्र ३३८ सीएफएम ओढून तासाला ९०० किलोच्या आसपास माल संपवतं. हे आकडे वाळूच्या वजनावर बेतलेल्या तक्त्यातले आहेत. स्लॅग थोडा जड असतो, पण पॉटखालचा (माल भरायच्या टाकीखालचा) माल कमी-जास्त सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह नीट आवळलेला असेल तर हिशेबाला चालतात. (तक्त्यात वाळू आहे म्हणून नदीची वाळू वापरू नका. तिच्यातल्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.)

दाब कुठे मोजता यालाही महत्त्व आहे. कॉम्प्रेसरच्या काट्यावर १०० दिसतात, नोझलपाशी ७० असतात. लांब होज (रबरी नळी), बारीक कपलिंग, मध्ये पडलेला मुरडा, सगळं थोडं थोडं खातं. सुई लावलेला गेज (दाब मोजायचा काटा) नोझलच्या अगदी मागे होजमध्ये, प्रवाहाच्या दिशेने तिरका टोचायचा आणि माल चालू असतानाच वाचायचा. १०० च्या खाली प्रत्येक पीएसआयमागे काम साधारण दीड टक्क्याने घटतं असा ठोकताळा आहे. ७० वर आलात की काम ४५ टक्के कमी. माल मात्र तेवढा कमी होत नाही. सहा नंबर ७० पीएसआयलाही तासाला ३९० किलो फेकतं, म्हणजे फक्त पाव घट. ०.७५ भागिले ०.५५ करून बघा: त्याच चौरस मीटरला ३६ टक्के जास्त माल. गोण्या कमी पडल्या की लोक पुरवठादारावर संशय घेतात, चोर बहुतेक वेळा होजमध्ये असतो.

दुसरा चोर झिजलेलं नोझल. आठ मिमीचं साडेनऊ झालं तर भोकाचं क्षेत्रफळ ४० टक्क्यांनी वाढलं. हवा तेवढीच जास्त मागते, कॉम्प्रेसर पुरा पडत नाही, दाब उतरतो आणि वर सांगितलेलं गणित सुरू होतं. ड्रिलच्या दांड्याने भोक तपासत राहा. दीड मिमी वाढलं की नोझल बदला. नवं महाग वाटतं, पण शंभर-दीडशे गोण्यांपुढे ती किंमत काहीच नाही.

क्षेत्रफळात टेंडर तयार करतानाच घोळ होतो. फॅब्रिकेटर टनांत बोलतो, ब्लास्टर चौरस मीटरमध्ये. प्लेटचं सोपं आहे. दहा मिमी प्लेटचं वजन चौरस मीटरला ७८.५ किलो, दोन्ही बाजू धरल्या तर टनाला साडेपंचवीस चौ.मी. सहा मिमीला तेच साडेबेचाळीस. ५० × ५० × ६ च्या अँगलचं वजन मीटरला साडेचार किलो आणि पृष्ठभाग ०.२ चौ.मी., म्हणजे टनाला ४४. आयएसएमबी ३०० ला (३०० मिमी उंचीचा आय-आकाराचा गर्डर) २५ च्या आसपास. त्यामुळे जिनिंगच्या शेडची हलकी ट्रस (छताचा सांगाडा) आणि जड गर्डर यांना टनावर एकच भाव लावला तर ट्रसच्या कामात नुकसान ठरलेलं. पाइपला बाहेरचा व्यास गुणिले ३.१४ गुणिले लांबी. ५०० मिमीचा १२ मीटर पाइप १८.८ चौ.मी. भरतो.

मग चाचणी. यात कंजुसी नको. खडूने दोन-दोन चौरस मीटरचे चौकोन आखा: एक सपाट भागावर, एक खड्डे पडलेल्या भागावर, एक रिब (प्लेटमागच्या आधाराच्या पट्ट्या) आणि कोपऱ्यांत. पॉटमध्ये मोजून गोण्या टाका आणि एसए अडीच (जवळजवळ पूर्ण स्वच्छ लोखंड) येईपर्यंत घड्याळ लावून मारा. आयएसओ ८५०१-१ या पृष्ठभागाच्या स्वच्छतेच्या मानकातल्या फोटोंशी ताडून बघा, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. मूळ गंजाचा दर्जाही त्यातच ए (जवळजवळ गंज नाही) ते डी (गंजून खड्डे पडलेलं) असा दिलेला आहे. 'बी' आणि 'डी' यांना एकच दर लावणं म्हणजे कोरड्या आणि चिखलाच्या रस्त्याला एकच ॲव्हरेज धरण्यासारखं. जुना जाड कोलटार इपॉक्सी रंग असेल तर आधी स्क्रेपरने काढा. मऊ थर धक्का शोषून घेतो आणि माल वाया जातो. ग्रीस असेल तर सॉल्व्हंटने पुसा, नाहीतर ब्लास्टिंगने ते नुसतं पसरतं.

समजा एका दरवाज्याची पुढची प्लेट ७२ चौ.मी., मागची रिब-गर्डरची बाजू १५०, दरवाजा धरणारे लोखंडी हात ६०, एकूण २८२. सहा नंबर, ५२० किलो तासाला. चाचणीत पुढच्या खड्डेवाल्या प्लेटवर तासाला ८ चौ.मी. निघाले, म्हणजे चौ.मी.ला ६५ किलो. रिबमध्ये ७ निघाले, म्हणजे ७४ किलो. हातांवर साडेनऊ, म्हणजे ५५ किलो. हिशेब: ४,६८० + ११,१०० + ३,३०० = १९,०८० किलो. फाटक्या गोण्या, पॉटच्या तळाशी राहणारा माल, सांडलवंड यांचे आठ टक्के धरले की २०.६ टन, म्हणजे ५० किलोच्या ४१३ गोण्या. चाळीसच्या ठोकताळ्याने २२६ निघाल्या असत्या. १८७ गोण्यांचा फरक, आणि तो कळतो मे महिन्यात, काम अर्ध्यात असताना.

याच हिशेबातून वेळही निघतो. नोझल चालू राहण्याचे ३७ तास. ४५ डिग्रीच्या उन्हात हेल्मेट घालून शिफ्टमध्ये पाच तासांपेक्षा जास्त नोझल चालू राहत नाही, तेव्हा साडेसात शिफ्ट धरा. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असल्याने लगेच गंज चढण्याचा त्रास आपल्याकडे कमी. वळवाची एक सर आली की मात्र उघडं लोखंड पिवळं पडतं आणि त्यावर चौरस मीटरला दहा-पंधरा किलोचा हलका हात पुन्हा मारावा लागतो. म्हणून दिवसभरात जेवढं रंगवता येईल तेवढंच उघडा. गोण्या ताडपत्रीखाली लाकडी पाटांवर ठेवा. ओला स्लॅग पॉटमध्ये अडकतो आणि तो मोकळा करायला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मालाचा लोंढा येतो.

गार्नेट घ्यायचं का, याचा निर्णय गोणीच्या भावावर करू नका. नव्या प्लेटला ३०/६० मेश (चाळणीवरून ठरणारं दाण्याचं माप) गार्नेटने निम्म्या मालात काम होतं, धूळ कमी, आणि ताडपत्रीवर गोळा करून चाळलं तर दोन-तीन वेळा वापरता येतं. स्लॅग एका फेरीतच इतका फुटतो की पुन्हा वापरायच्या फंदात पडू नये. स्टील ग्रिट (पोलादाचे टोकदार दाणे) शंभराहून जास्त फेऱ्या चालतं, पण बंद खोली आणि गोळा करायची सोय असेल तरच. उघड्या बॅरेजवर ते नदीत जाणार. ड्रिपच्या फिल्टर टाक्यांसारखं रोजचं काम असेल तर ग्रिटचा विचार करावा.

आणि उचलायचा माल विसरू नका. आणलेले २० टन गंज आणि रंगासकट परत न्यायचे असतात. जुन्या दरवाज्यावर रेड लेड (शिशाचा लाल रंग) असेल तर तो घातक कचरा होतो आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी लागते. तापीच्या पात्रात ढकलून चालत नाही. येताना जेवढे ट्रक धरले तेवढेच जातानाही धरा, आणि कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी लिहा.