कार्ड नवं, बोर्ड जुनं, स्क्रीन काळी

आय5-4590 प्रोसेसर, एच81 चिपसेटचा मदरबोर्ड, 8 जीबी रॅम. या जुन्या मशीनसाठी मी आरएक्स 6600 हे ग्राफिक्स कार्ड घेतलं. हे कार्ड 132 वॉट खातं आणि स्लॉटमधून मिळतात जेमतेम 75, म्हणून 8 पिनची वायर असलेला 500 वॉटचा एसएमपीएसही, म्हणजे पॉवर सप्लायही, घेतला. एसएमपीएस बदलायचा नसेल तर आरटीएक्स 3050 बघा, पण 6 जीबीवालंच. ते 70 वॉटमध्ये भागवतं. 8 जीबीवाल्याला 130 लागतात, नावं मात्र सारखीच.

बसवायला दहा मिनिटं लागली. पंखे फिरले, स्क्रीन काळी. दुकानात एकच पालुपद, "पॉवर कमी पडतेय." आत्ताच एसएमपीएस बदललाय म्हणून सांगितलं, तर म्हणे मग कार्डच खराब.

दोन्ही नाही. नम लॉक दाबला की कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत होता, म्हणजे मशीन सुरू होतं, फक्त चित्र येत नव्हतं. कार्ड काढून केबल बोर्डाच्या पोर्टला लावली आणि विंडोजमधलं सिस्टिमची माहिती दाखवणारं एमएसइन्फो32 उघडलं. बायोस मोडपुढे 'लेगसी'. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, आणि लेगसी ही त्याची जुनी पद्धत. नव्या कार्डाला यूईएफआय ही नवी पद्धत हवी होती.

घाईने बायोसमध्ये जाऊन जुनी पद्धत चालू ठेवणारं सीएसएम बंद केलं, तर विंडोजच सापडेना. कारण डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर; यूईएफआयला जीपीटी लागते. क्रम असा हवा: डेटाचा बॅकअप, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर तो थांबवायचा, मग विंडोज 10 मध्येच असलेलं, मांडणी बदलणारं एमबीआर2जीपीटी. आधी 'व्हॅलिडेट', ते पास झालं तरच 'कन्व्हर्ट'. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते तिथेच नकार देतं. सीएसएम त्यानंतर बंद करायचं आणि कार्ड सगळ्यात शेवटी लावायचं.

चित्र आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काळं!

इथे दोन दिवस गेले. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आपली सवय. मग बायोसची सेटिंग फक्त बोर्डावरच्या सीआर2032 सेलवर जगतात, आणि हा सेल बोर्डाइतकाच जुना. तो मेला की बायोस मूळपदावर, सीएसएम चालू, स्क्रीन काळी. विंडोजमधलं घड्याळ रोज मागे पडत होतं, त्याचा दोष मी इंटरनेटवर ढकलला होता. सेल वडापावच्या भावात मिळतो. कार्ड आणायच्या आधीच बदला.

हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या पिनेतून 8 पिन काढून देणारा कन्व्हर्टर कोणी फुकट दिला तरी नको. साटाची पिन 12 व्होल्टवर 54 वॉटची, 8 पिनवर 150 पर्यंत मागणी. प्लास्टिक वितळतं.

आरएक्स 6400 आणि 6500 एक्सटी मी का टाळली, तर त्यांना बोर्डाशी डेटाची देवाणघेवाण करायला चारच लेन. प्रोसेसर पीसीआयई (कार्डाच्या स्लॉटची जोडणी) 3.0 चा असला तरी एच81 बोर्ड 2.0 वरच अडवतो, आणि चार लेनवर ते जाणवतं. 6600 ला आठ आहेत. जुन्या व्हीजीए पोर्टचा मॉनिटर असेल तर सिग्नल बदलून देणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल, कॅबिनेटमध्ये लांबी मोजताना हार्ड डिस्कचा पिंजरा धरून मोजा.

कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड प्रोग्रॅममध्ये पीसीआयई 1.1 दिसलं तर लगेच बोर्डाला शिव्या घालू नका. रिकामं बसलेलं कार्ड वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा, 2.0 दिसेल.