तापीच्या काठाकाठानं: दिवाळीनंतरचे पाच दिवस

दर दिवाळीत आमच्या घरी एक विषय हमखास निघतो: कोकणात कधी जायचं? यंदाही निघाला. लेकीला समुद्र हवा होता, यांना मोकळा रस्ता हवा होता, आणि आईला दोन-अडीच तासांच्या वर गाडीत बसवत नाही. जळगावहून कोकण म्हणजे जायला एक अख्खा दिवस, यायला एक, आणि मधले दिवस अंग मोकळं करण्यात जायचे. आम्ही नकाशा पुढ्यात घेऊन बसलो होतो. आई फराळाचे डबे भरता भरता म्हणाली, "पाणी आणि काठच पाहिजे ना पोरीला? मग तापीमाय काय कमी आहे? मी तर जन्मभर तिला पुलावरूनच पाहिलं."

ते बोलणं मला लागलं. यावलला जाता-येता, चोपड्याला जाता-येता आम्ही तापी शेकडो वेळा ओलांडली असेल. काठावर उतरून बसलो किती वेळा? मला एकही वेळ आठवेना. मग सहल तिथेच ठरली.

मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावलेली ही नदी 724 किलोमीटर वाहत सुरतेजवळ डुमसला समुद्राला मिळते. खान्देशातून ती उगवतीकडून मावळतीकडे जाते. तिच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आहे. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा अशी गावं एका माळेत ओवलेली. पश्चिमेकडे तोंड करून निघालं की उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला, कधी जवळ कधी लांब, नदी. आखणीत नियम दोनच ठेवले. दिवसाला तीन तासांच्या वर गाडी चालवायची नाही, आणि दिवेलागणीच्या आत मुक्कामाला पोचायचं.

दिवस निवडताना मात्र आम्ही हट्ट धरला होता. पुस्तकातला शरद ऋतू अश्विनात सुरू होतो, पण आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन उन्हाळ्यासारखंच भाजतं. खरी मजा दिवाळी झाल्यावर. सकाळी गारवा, दुपारी सोसेल इतकं ऊन, कापूस फुटलेला, ज्वारी कापणीला आलेली, आणि हवा इतकी स्वच्छ की सातपुड्याच्या घड्या मोजता याव्यात. भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी निघालो.

पहिला थांबा उलट्या दिशेला, पूर्वेला घेतला: चांगदेव. मुक्ताईनगर तालुक्यात पूर्णा आणि तापी जिथे एकमेकींना भेटतात, तिथे हे जुनं दगडी मंदिर उभं आहे. हतनूर धरणाचा फुगवटा इथवर येतो, त्यामुळे संगमावर पाणी नदीसारखं धावत नाही, तळ्यासारखं पसरून राहतं. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं आणि मुक्ताईनं त्या कोरेपणावर बोट ठेवलं, ही गोष्ट आईनं लेकीला तिथेच पायरीवर बसून सांगितली. दोघांची नावं या एवढ्याशा परिसरात शेजारी शेजारी नांदतात, इकडे चांगदेव, तिकडे मुक्ताईनगर. समोर पाण्यात बदामी रंगाच्या पक्ष्यांची जोडी होती. चक्रवाक. थंडी पडली की हतनूरच्या पाण्यावर हे पाहुणे उतरतात. आम्ही तासभर तिथून हललो नाही, आणि कुणीही "चला, उशीर होतोय" म्हणालं नाही. मला वाटतं, सहल खरी सुरू झाली ती तेव्हा.

रावेरपासून सावद्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी. खिडकी उघडी ठेवली की बागेतल्या ओलाव्याचा गार वास आत येतो. फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. शाळेत असताना हे नुसतं पाठ केलं होतं. आता त्या गावातून जाताना लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "इथे? या केळींमध्ये?" हो, इथेच.

मुक्काम माझ्या मामेबहिणीच्या मळ्यात, यावल तालुक्यात. आणि दिवाळीनंतर मळ्यात मुक्काम म्हणजे भरीत आलंच. भरिताची वांगी आमच्याकडे हिरवी, पांढरट झाक असलेली आणि हातभर मोठी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याची खरी ओळख ताटात होते. गेल्या वर्षीच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून त्यावर वांगी मांडली आणि पेटवून दिलं. गॅसवर भाजलेलं वांगं आणि पऱ्हाटीवर भाजलेलं वांगं यांत काय फरक असतो ते मी शब्दांत सांगू शकत नाही, त्या धुराचा वास प्रत्येक घासात असतो एवढंच सांगते. साली काढून वांगी लाकडी बडगीत घातली आणि माझ्या मेव्हण्यांनी ती चेचायला घेतली. दुसरीकडे तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि शेवटी कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेली, जराशी खरपूस. केळीच्या पानावर वाढलं. आई एरवी रात्री दूध-भाकरी खाते. तिनं दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी यावलहून चोपडा. यांनी गाडी सावकाश ठेवली होती, कारण कापूस भरलेले ट्रॅक्टर निम्मा रस्ता अडवून चालले होते. मागून भोंगे वाजवण्यात अर्थ नसतो. चोपड्याच्या पुढे, शिरपूरच्या अलीकडे, डावीकडे वळून थाळनेरला गेलो. या गावासाठी मी मुद्दाम अर्धा दिवस राखून ठेवला होता, आणि तुम्हीही ठेवा. फारुकी घराण्यानं खान्देशात पहिलं बस्तान बसवलं ते या तापीकाठच्या किल्ल्यात, चौदाव्या शतकात. त्यांच्या कबरी गावात आजही आहेत. किल्ला आता बराचसा मातीत गेला आहे, पण पडक्या तटाशी उभं राहिलं की खाली तापी वळण घेताना दिसते. 1818 मध्ये होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा याला इंग्रजांनी इथे फाशी दिलं, किल्ल्यातली शिबंदी कापून काढली. एवढं सगळं पाहिलेली जागा आणि तिथे माहितीची साधी पाटी आम्हाला सापडली नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं. कडेला शेळ्या चारणाऱ्या आजींनी विचारलं, "कथा जाई राहिनात?" म्हणजे कुठे निघालात? आईनं जळगावचं नाव सांगितलं, गप्पा सुरू झाल्या, आणि शेवट अर्थातच "च्या पिसन जा" वर झाला. चोपड्याच्या अलीकडची बोली वेगळी, ही अहिराणी वेगळी. दिवसभरात गावं बदलतात तशी कानावरची भाषाही बदलते, हे काठाकाठानं गेल्याशिवाय कळत नाही.

शिरपूरच्या मुक्कामाबद्दल थोडक्यात सांगते. फोनवर ठरवलेली खोली गेल्यावर दुसऱ्यालाच दिलेली निघाली. अर्धा तास वणवण झाली, मग दुसरीकडे सोय लागली. सोबत वयस्कर माणूस असेल तर निघायच्या सकाळी पुन्हा एकदा फोन करून खात्री करून घ्या.

तिसऱ्या दिवशी शहाद्याला पेट्रोल भरलं, कारण पुढे तोरणमाळचा घाट. अंतर पन्नासेक किलोमीटर, पण वळणं अशी की घाई करायची सोय नाही. वर यशवंत तलाव, सीताखाईची दरी, आणि अंगात स्वेटर घालावा लागेल इतकी थंडी. मोबाइलला रेंज जवळजवळ नव्हतीच. रात्री पाड्यांवरचे दिवे विझले आणि आकाश इतकं उतरून आलं की लेक बराच वेळ बोललीच नाही.

खाली उतरलो तो चौथा दिवस, आणि संध्याकाळ प्रकाशाला. गोमाई तापीला मिळते ते हे ठिकाण, लोक याला दक्षिण काशी म्हणतात. काशी करून आलं तरी प्रकाशाला आल्यावाचून यात्रा पुरी होत नाही, अशी इकडची श्रद्धा. केदारेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही घाटावर बसलो. बॅरेजनं अडवलेलं पाणी काठोकाठ भरलं होतं, पैलतीर धूसर. तापी सूर्याची मुलगी मानली जाते, आणि इथे ती थेट मावळत्या सूर्याच्या दिशेनं जाताना दिसते. पाणी आधी पिवळं झालं, मग तांबूस. आईनं पदर खोचला, दोन पायऱ्या उतरली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली. ओंजळ भरली, सोडली, पुन्हा भरली. मी फोटो काढायला मोबाइल उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

शेवटचा मुक्काम नंदुरबारला. सकाळी मिरचीच्या पथाऱ्या पाहिल्या. मोकळ्या मैदानावर नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली, आणि तोंडाला रुमाल बांधलेल्या बायका ती खालीवर करत होत्या. त्या ठसक्यात दिवसभर उकिडवं बसून काम करायचं. आम्ही पाच मिनिटांत खोकायला लागलो. दोन किलो मिरची घेतली. मग बाजारातल्या चौकात शिरीषकुमारच्या स्मारकापाशी थांबलो. 9 सप्टेंबर 1942 ला हातातला तिरंगा न सोडता गोळ्या झेललेला शाळकरी पोरगा. लेक त्याच्याच वयाची होत आलीय. तिनं नाव दोनदा वाचलं.

परतीच्या वाटेवर तिनं नकाशा उघडला आणि प्रकाशापासून बोट खाली खाली नेत विचारलं, "हे पाणी समुद्राला कुठे मिळतं?" डुमसला, मी म्हटलं. नंदुरबारहून नवापूर, पुढे सोनगड, मग सुरत. आईनं लगेच विचारलं, "मध्ये मुक्काम कुठे करायचा?" पुढच्या दिवाळीची आखणी अमळनेर यायच्या आत निम्मी झाली होती.